कोल्हापुरात आकाशवाणीच्या बातम्या कशा लावायच्या आणि कशा ऐकायच्या

ज्यांच्या घरात कपाटावर एक रेडिओ अजून पडून आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि ज्यांना रेडिओ म्हणजे फक्त गाणी असं वाटतं त्यांच्यासाठी पण. आपल्याकडं एफएमवर मिरची आहे, टोमॅटो आहे, दिवसभर गाणी आणि गप्पा चालू असतात, पण बातम्या ऐकायच्या तर रेडिओवर एकच जागा आहे आणि ती म्हणजे आकाशवाणी. कारण आपल्या देशात प्रायव्हेट एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, द्यायच्याच असतील तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायच्या, त्यात एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही. टीव्हीला हा नियम नाही, पेपरला नाही, फक्त रेडिओला. मला हे पटत नाही, पण आहे हे असं आहे, आणि म्हणूनच आकाशवाणीच्या बातम्या नीट ऐकायला शिकणं जास्त गरजेचं आहे.

आधी एक गोंधळ मिटवू. लोक म्हणतात कोल्हापूर आकाशवाणी, सांगली आकाशवाणी, ही झाली केंद्रं. कार्यक्रम तिथं होतात, गाणी, शेतीची माहिती, मुलाखती वगैरे. बातम्यांचं खातं वेगळं असतं, त्याला समाचार सेवा विभाग म्हणतात, त्याचं मुख्य ऑफिस दिल्लीत आणि राज्याराज्यात प्रादेशिक वृत्त विभाग. आपल्या महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं हे विभाग आहेत. म्हणजे सकाळी सांगली केंद्रावर ज्या प्रादेशिक बातम्या ऐकू येतात त्या सांगलीत बसून कोणी वाचत नसतं, त्या पुण्याहून येतात आणि सांगली त्या पुढं सोडतं, रेडिओवाले याला सहक्षेपण म्हणतात. जिल्ह्याजिल्ह्यात आकाशवाणीचे अंशकालीन वार्ताहर असतात, कोल्हापूरची बातमी त्यांच्याकडून पुण्यात जाते, तिथं ती लिहून, कापून, तपासून होते आणि मग आपल्या कानावर येते. हे लक्षात ठेवा, कारण कोल्हापूरची बातमी पाहिजे तर कुठलं बुलेटिन ऐकायचं हे यावरूनच ठरतं. दिल्लीच्या बुलेटिनमध्ये कोल्हापूर येतं ते महापूर आला तरच किंवा असंच काहीतरी मोठं घडलं तर.

आता रेडिओ. बाजारात मिळणारे सेट दोन प्रकारचे, एक फक्त एफएमवाला आणि दुसरा ज्याच्यावर एफएम आणि मिडियम वेव्ह दोन्ही आहे, त्याच्यावर एमडब्ल्यू किंवा एएम असं लिहिलेलं असतं. घ्यायचा तर दुसराच घ्या. कोल्हापूर शहरात आकाशवाणी १०२.७ मेगाहर्ट्झवर एफएमला स्वच्छ लागतं, त्यामुळं राजारामपुरीत किंवा शिवाजी पेठेत राहणाऱ्याला एफएम पुरेसं वाटेल, पण एफएमच्या लहरी सरळ जातात, मध्ये डोंगर आला की संपलं. गगनबावडा, आजरा, चंदगड, पन्हाळ्याच्या पलीकडची खोरी, तिकडं एफएम कधी लागतं कधी नुसती खरखर. मिडियम वेव्ह जमिनीला धरून लांब जाते. सांगलीचं १२५१ किलोहर्ट्झ हे आपल्या सगळ्या दक्षिण महाराष्ट्राच्या ओळखीचं ठिकाण, पुण्याचं ७९२, रत्नागिरीचं ११४३, मुंबईचं १०४४ आणि ५५८. चंदगड गडहिंग्लजच्या बाजूला धारवाडचं ७६५ आणि पणजीचं १२८७ पण मिळू शकतं. पण एक आहे, गेल्या काही वर्षात देशभर मिडियम वेव्हचे जुने ट्रान्समीटर टप्प्याटप्प्यानं बंद करत चाललेत, त्यामुळं दुकानात सेट घेताना तिथंच लावून बघा किंवा शेजाऱ्याच्या सेटवर आपल्या गावात काय लागतंय ते आधी ऐका आणि मगच पैसे घाला.

स्टेशन लावायची पद्धत सगळ्यांना माहीत असते असं वाटतं पण नसते. एफएमला वरची एरियलची कांडी पूर्ण ओढायची, उभी तिरकी करून बघायची, खिडकीजवळ ठेवायचा. मिडियम वेव्हला त्या कांडीचा काही उपयोग नाही! त्याची एरियल सेटच्या आत असते, तांब्याची तार गुंडाळलेली एक काळी फेराइटची कांडी, आणि ती दिशा बघून पकडते, त्यामुळं मिडियम वेव्हला अख्खा रेडिओ गोल फिरवायचा आणि जिथं आवाज मोठा येईल तिथं थांबायचं. एवढं एक केलं तरी निम्म्या लोकांची तक्रार मिटते. दुसरं, खरखर येत असेल तर घरातले एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, इन्व्हर्टर एकेक करून बंद करून बघा, मिडियम वेव्हचा सगळ्यात मोठा शत्रू आज हाच आहे. सेलवर चालवला तर आवाज जास्त साफ येतो, वायर लावून चालवला तर वायरीतूनच गोंगाट आत येतो. आणि रात्री मिडियम वेव्हला लांबलांबची स्टेशनं मिळतात कारण अंधार पडला की या लहरी आकाशातल्या वरच्या थरावरून आपटून परत खाली येतात, त्यामुळं रात्री दोन स्टेशनं एकात एक मिसळल्यासारखी ऐकू आली तर सेट बिघडला असं समजू नका.

वेळा. सकाळी सातनंतर पुण्याच्या मराठी प्रादेशिक बातम्या, हे बुलेटिन कोल्हापूरकरानं सोडू नये. मग दिल्लीचं हिंदी समाचार प्रभात आठला, त्याला लागून सव्वाआठला इंग्रजी मॉर्निंग न्यूज. रात्री पावणेनऊला हिंदी समाचार संध्या आणि नऊला इंग्रजी न्यूज अ‍ॅट नाइन. मराठी बातम्या दुपारी आणि संध्याकाळी पण असतात, वेळा अधूनमधून बदलतात म्हणून आठवड्यात एकदा न्यूजऑनएअर अ‍ॅपवर (त्याचं पुढं सांगतो) किंवा केंद्रावरच्या उद्घोषणेत ऐकून घ्या. संस्कृत शिकणाऱ्या पोरांसाठी सांगतो, संस्कृत बातम्या १९७४ पासून चालू आहेत, सकाळी सात वाजायच्या आधी पाच मिनिटं, शाळेतल्या व्याकरणापेक्षा कानाला तयार करायला हे लई चांगलं आहे, आणि त्या बातम्या वाचणारे बलदेवानंद सागर हे नाव त्यातूनच अख्ख्या देशाला माहीत झालं.

आता थोडा इतिहास, कारण हे बुलेटिन असं का आहे, त्यात मतं का नसतात, सरकार एवढं का असतं, हे इतिहासाशिवाय कळत नाही.

मुंबईत २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आले होते उद्घाटनाला, महिन्याभरात कलकत्ता पण सुरू झालं. ही प्रायव्हेट कंपनी होती बरं का, सरकारी नव्हे. रेडिओ ठेवायचा तर वर्षाला १० रुपये लायसन्स फी, त्या काळात १० रुपये म्हणजे गरिबाच्या आवाक्याबाहेरचंच काम, त्यामुळं ऐकणारे कमी, पैसे कमी, आणि १९३० च्या मार्चमध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. एप्रिलपासून सरकारनं ते चालवायला घेतलं आणि ८ जून १९३६ ला त्याचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. सरकार तिथं शिरलं ते असं. पुढं दुसऱ्या महायुद्धात बातम्यांचं महत्त्व एकदम वाढलं, इंग्रज सरकारला आपली बाजू लोकांपर्यंत पोचवायची होती, भाषांमधली बुलेटिनं दिल्लीत एका ठिकाणी आणली, आणि हा साचा स्वातंत्र्यानंतर पण तसाच राहिला. याच काळात, १९४२ ला, मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुपचूप काँग्रेस रेडिओ चालवला, ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत जागा बदलत बदलत, पोलीस धाड टाकेपर्यंत. सरकारी रेडिओ जे सांगत नव्हता ते सांगायला तो रेडिओ होता.

१९४७ ला फाळणीनंतर भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची ६ केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला त्यातलं सगळ्यात जवळचं केंद्र मुंबई! मग १९५० ला धारवाड आलं पण ते कानडी, १९५३ ला पुणे, आणि १९६३ ला सांगली. सांगली आलं तेव्हा कुठं आपल्या भागात साध्या सेटवर दिवसाउजेडी मराठी रेडिओ खणखणीत लागायला लागला. आकाशवाणी हे नाव आधी म्हैसूरला १९३५ मध्ये एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरी चालू केलेल्या रेडिओला होतं, पन्नाशीच्या दशकात ते सरकारनं देशभरासाठी घेतलं, आणि २०२३ ला प्रसार भारतीनं, म्हणजे आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेनं, ऑल इंडिया रेडिओ हे इंग्रजी नाव वापरायचं बंद करून फक्त आकाशवाणी ठेवलं. सकाळी केंद्र सुरू होताना जी धून वाजते ती वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकाराची, हिटलरच्या काळात युरोप सोडून मुंबईत आलेला हा ज्यू माणूस, आणि धून बांधली शिवरंजनीच्या सुरात. आज पण ती लागली की मी हातातलं काम थांबवतो.

बातम्या वाचणाऱ्यांचं काय सांगावं. हिंदीत देवकीनंदन पांडे, ज्यांचा आवाज ऐकून लोक घड्याळं लावायचे. इंग्रजीत मेल्व्हिल डी मेलो, गांधीजींच्या अंत्ययात्रेचं धावतं वर्णन त्यांनी तासन्‌तास केलं. आणि आपल्याकडं पुण्याच्या प्रादेशिक बातम्या म्हटलं की सुधा नरवणे, माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे यांच्या आई. या सगळ्यांच्या वाचनात एक गोष्ट सारखी, बातमी कितीही मोठी असो आवाज चढत नाही. बुलेटिन ऐकताना हे मुद्दाम ऐका. निवेदक मत देत नाही, आश्चर्य दाखवत नाही, कोणाला झापत नाही, आणि त्यामुळं ऐकणाऱ्याला स्वतःचं डोकं चालवायला जागा मिळते. टीव्हीवर आठ जण एकदम ओरडताना ही जागाच उरत नाही.

पण सगळं गोड गोड सांगून चालणार नाही. ही सेवा सरकारच्या पैशावर चालते आणि अडचणीच्या वेळी ते दिसतं. १९७५ च्या २६ जूनला आणीबाणी लागल्याचं इंदिरा गांधींनी याच रेडिओवरून सांगितलं आणि पुढचे महिने रेडिओ सरकारचाच भोंगा झाला होता. ३१ ऑक्टोबर १९८४ ला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या सकाळी, बीबीसीनं मृत्यूची बातमी दिवसाच दिली, आणि आकाशवाणीनं संध्याकाळी. आणीबाणीनंतर पत्रकार बी. जी. वर्गीज यांच्या समितीनं १९७८ ला सांगितलं की हे सरकारच्या हातातून काढून स्वतंत्र संस्थेकडं द्या, कायदा व्हायला १९९० उजाडलं आणि प्रसार भारती प्रत्यक्षात यायला २३ नोव्हेंबर १९९७. मधल्या काळात १९९५ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची नाही. तरी पैसा अजून सरकारकडूनच येतो.

म्हणून ऐकायची पद्धत अशी ठेवा. सुरुवातीच्या ठळक बातम्या ऐका आणि मनातल्या मनात क्रम धरा, पहिली कुठली, शेवटची कुठली. पहिली बातमी बहुतेक वेळा पंतप्रधान किंवा मंत्र्यांच्या भाषणाची असते, ती ऐका पण तिच्यावर थांबू नका, खरी कामाची गोष्ट बऱ्याचदा मधल्या भागात दोन वाक्यात येऊन जाते, एखादी मुदतवाढ, एखादा कोर्टाचा निकाल, खताचा किंवा उसाच्या दराचा निर्णय. कोणी म्हटलं ते पकडा: "असं जिल्हाधिकाऱ्यांनी सांगितलं" आणि "असं झालं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आकाशवाणी हा फरक नीट पाळते, आपण पण पाळायचा. शेवटी ठळक बातम्या परत सांगतात, तेव्हा तपासायचं आपल्याला काय लक्षात राहिलं. आणि मग पेपर वाचताना बघायचं की पेपरात मोठं आलेलं काय रेडिओवर आलंच नाही. मोर्चा, संप, सरकारवरची टीका, हे रेडिओवर कमी सापडेल, ते पेपरातच शोधा. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना तर मी हेच सांगतो की सकाळचं एक मराठी आणि रात्रीचं एक इंग्रजी बुलेटिन हातात वही घेऊन ऐका, ऐकताना लिहायचं नाही, संपल्यावर आठवून लिहायचं.

मोबाईलवर ऐकायचं असेल तर दोन रस्ते. काही फोनमध्ये एफएम असतं, त्याला इंटरनेट लागत नाही पण वायरचा हेडफोन खोचावाच लागतो कारण ती वायरच एरियलचं काम करते, ब्लूटूथवाल्यानं चालत नाही. दुसरा रस्ता न्यूजऑनएअर हे प्रसार भारतीचं अ‍ॅप, फुकट आहे, देशभरातली दोनशेच्या वर केंद्रं त्याच्यावर थेट ऐकता येतात, पुण्यामुंबईत किंवा दुबईत असलेल्या कोल्हापूरकराला घरचं केंद्र तिथं मिळतं. आकाशवाणीच्या बातम्यांच्या वेबसाइटवर प्रादेशिक बुलेटिनचा आवाज आणि लिहिलेली प्रत पण असते, भाषा निवडून मराठी करायची, चुकलेलं बुलेटिन नंतर ऐकता येतं. २०२४ च्या नोव्हेंबरला वेव्हज नावाचं नवीन अ‍ॅप पण आलंय, त्यात टीव्हीसोबत रेडिओ आहे. आणि ज्यांच्याकडं डीडी फ्री डिश आहे त्यांनी रिमोटवर रेडिओचं बटण दाबून बघा, टीव्हीतूनच आकाशवाणी लागते, खेड्यात बऱ्याच घरात हे आहे आणि कोणालाच माहीत नाही.

आता महापुराचं, ज्याच्यासाठी मी हे मुख्यतः लिहायला बसलो. २००५, २०१९, २०२१, तीन वेळा आपण बघितलं. २०१९ च्या ऑगस्टला शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद, लाईट नाही, प्यायला पाणी नाही, मोबाईलचे टॉवर बसलेले, आणि अशा वेळी ज्याच्याकडं सेलवरचा रेडिओ आहे त्याच्यापर्यंत बाहेरची खात्रीची माहिती पोचू शकते, कारण त्याला ना लाईट लागते ना टॉवर ना नेट. मग ती माहिती ऐकून समजली पण पाहिजे. पंचगंगेची पातळी सांगतात ती राजाराम बंधाऱ्यापाशी मोजलेली असते, ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, चिखली आंबेवाडीच्या लोकांनी ३९ ऐकलं की जनावरं हलवायची तयारी करायचीच. विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, क्युसेकमध्ये सांगतात, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. राधानगरीचे ७ दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कोणी अधिकारी बटण दाबत नाही, त्यामुळं "दरवाजा उघडला" अशी बातमी रात्री अपरात्री पण येऊ शकते. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट म्हणजे २४ तासात ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पावसाचा अंदाज, रेड म्हणजे त्याच्याही वर. आकडा ऐकला की लगेच भिंतीवर किंवा वहीत वेळेसकट लिहा, पुढच्या बुलेटिनला पाणी चढतंय का उतरतंय ते कळतं, आणि गल्लीत कोणी वेगळाच आकडा घेऊन आला तर त्याला दाखवता येतं.

जूनच्या आधीच एक पिशवी करून ठेवा: छोटा दोन बँडचा रेडिओ, सेलचे दोन जोड, वायरचा हेडफोन, टॉर्च, सगळं जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर. रेडिओच्या मागं चिकटपट्टीवर १०२.७ आणि १२५१ आणि बातम्यांच्या वेळा लिहून लावा, म्हणजे घरात फक्त म्हातारी माणसं असली तरी त्यांना लावता येईल. दिवसभर चालू ठेवायचा नाही, बुलेटिनच्या आधी पाच मिनिटं लावायचा आणि संपलं की बंद, सेल आठवडाभर सहज पुरतात. आणि पावसाळा संपला की सेल रेडिओतून काढून ठेवा, आत राहिले की पाझरतात, स्प्रिंग गंजते आणि पुढच्या वर्षी ऐन वेळी सेट चालू होत नाही.